तार, संख्या आणि आत्मा

‘हार्मोनिया’ हा ग्रीक शब्द आज आपण संगीताचा म्हणून ओळखतो. पण त्याचे मूळ सुतारकामात आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात नायक ओडिसियस परतीच्या प्रवासासाठी तराफा बांधतो, तेव्हा फळ्या एकमेकींत पक्क्या बसवण्यासाठी तो खुंट्या आणि ‘हार्मोनिया’ वापरतो. म्हणजे सांधे. दोन निराळी लाकडे अशी जुळवायची, की समुद्राच्या पाण्याला आत शिरायला फट राहू नये. पुढे हाच शब्द वीणेच्या तारा जुळवण्यासाठी आला, मग सप्तकासाठी, मग विश्वाच्या रचनेसाठी आणि शेवटी माणसाच्या आत्म्यासाठीही. सुताराच्या सांध्यापासून आत्म्यापर्यंतचा हा प्रवास ग्रीकांनी जेमतेम तीन-चारशे वर्षांत केला. त्या प्रवासात त्यांनी जे प्रश्न उपस्थित केले, ते अजून मिटलेले नाहीत.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी पायथागोरस आम्हाला भेटला तो अगदी ओझरता. ‘सर्व काही संख्या आहे असे मानणारा विचारवंत’ एवढीच त्याची ओळख वहीत उतरवून आम्ही पुढे सॉक्रेटिसाकडे वळलो. परीक्षेपुरते ते पुरेसे होते. पुढे धर्मग्रामाच्या कामात गायकवृंदाची जबाबदारी वारंवार माझ्याकडे येत गेली आणि तारा, सूर, श्रोते व त्यांच्या तक्रारी यांच्याशी रोजचा संबंध आला. मग त्या एका ओळीत किती अर्थ दडला होता, हे हळूहळू उमगू लागले.

पायथागोरस मूळचा सामोस बेटावरचा. इ. स. पूर्व ५३०च्या सुमारास तो दक्षिण इटलीतील क्रोटोन या ग्रीक नगरीत येऊन स्थायिक झाला. त्याने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. म्हणूनच की काय, त्याच्याभोवती कथा मात्र पुष्कळ रचल्या गेल्या. सर्वांत प्रसिद्ध कथा लोहाराच्या भट्टीची. रस्त्याने जाताना त्याला हातोड्यांचे आवाज एकमेकांशी सुरेल जुळताना ऐकू आले. त्याने हातोडे तोलून पाहिले, तर त्यांची वजने १२, ९, ८ आणि ६ या प्रमाणात निघाली! इ. स. १०० च्या सुमारास निकोमेकस या गणितज्ञाने ही कथा सांगितली आणि पुढे दीड हजार वर्षे विद्वानांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली. गंमत अशी, की ती खरी असूच शकत नाही. हातोड्याच्या वजनाप्रमाणे त्याचा सूर बदलत नाही. त्याच वजनांचे भार तारांना टांगले तरी ते सूर मिळत नाहीत. तार सप्तकाचा षड्ज हवा असेल, तर दुप्पट नव्हे, चौपट भार लागतो. हे १५८९ मध्ये लिहून दाखवले ते विन्सेन्झो गॅलिली या वीणावादकाने. प्रख्यात खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओ हा त्याचाच पुत्र. एवढ्या दीर्घ काळात कोणीही दोन हातोडे उचलून वाजवून पाहिले नाहीत, ही गोष्ट आपणा सर्व पुस्तकी माणसांना विचार करायला लावणारी आहे.

कथा खोटी असली, तरी तिच्यातील आकडे खरे आहेत. ते हातोड्यांचे नसून तारेच्या लांबीचे आहेत. ज्याच्या घरी तंबोरा अथवा एकतारी आहे, त्याने हे स्वतः करून पाहावे. मोकळी तार छेडली की षड्ज मिळतो. बरोबर मध्यावर बोट ठेवून अर्धी तार वाजवली, तर वरच्या सप्तकाचा षड्ज मिळतो; हे प्रमाण २:१. तारेचे तीन भाग करून दोन भाग वाजवले, तर पंचम, प्रमाण ३:२. चार भाग करून तीन वाजवले, तर मध्यम, प्रमाण ४:३. बारा बोटे लांबीची तार घेतली तर षड्ज १२ वर, मध्यम ९ वर, पंचम ८ वर आणि वरचा षड्ज ६ वर येतो. भट्टीच्या कथेतील चार आकडे ते हेच. मध्यम व पंचम यांच्यामध्ये उरणारे ९:८ हे अंतर म्हणजे ग्रीकांचा पूर्ण स्वर. कानाला ज्या जोड्या सर्वांत गोड लागतात, त्या सगळ्या १, २, ३, ४ एवढ्याच संख्यांत मावतात. आणि या चारांची बेरीज होते दहा. दहा ठिपक्यांचा तो त्रिकोण पायथागोरसाच्या अनुयायांना इतका पवित्र वाटे, की ते त्याची शपथ घेत.

आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, कारण उष्णता, रंग, आवाज ही सर्व आकड्यांत मोजण्याची आपल्याला सवय झाली आहे. पण क्षणभर त्या काळात जाऊन पाहावे. गोडवा ही मनाला जाणवणारी, हाती न लागणारी गोष्ट. आणि लांबी ही दोरीने मोजता येणारी. या दोहोंमध्ये पक्का सांधा आहे, हे माणसाला इथे बहुधा प्रथमच कळले. जे सुंदर आहे ते लहरीने सुंदर नाही, त्याला कारण आहे, आणि ते कारण बुद्धीला गवसू शकते! क्रोटोनचाच फिलोलाउस याने इ. स. पूर्व पाचव्या शतकात याला तत्त्वज्ञानाचे रूप दिले. त्याच्या मते, जग दोन प्रकारच्या गोष्टींनी बनले आहे: अमर्याद आणि मर्यादा घालणाऱ्या. या दोन्ही परस्परांहून भिन्न. त्या आपोआप एकत्र नांदल्या नसत्या. त्यांना जुळवते ती हार्मोनिया. नाद हा स्वभावतः अमर्याद आहे. खालून वरपर्यंत तो सलग चढत जातो. त्यावर संख्येची मर्यादा पडली, की स्वर जन्मतो.

मग याच मापाने त्यांनी आकाश मोजले. ग्रह फिरतात, त्यांची अंतरे प्रमाणबद्ध आहेत. तेव्हा त्यांच्या गतीतून महासंगीत निर्माण होत असले पाहिजे. मग ते ऐकू का येत नाही? ॲरिस्टॉटलने त्यांचे उत्तर नोंदवले आहे: जन्मल्या क्षणापासून तो नाद कानी आहे, म्हणून तो वेगळा जाणवत नाही, तांबटाला स्वतःच्या दुकानातल्या ठोक्यांची सवय होते, तसे हे. आपल्याकडच्या तांबट आळीतल्या माणसालाही हे उत्तर पटले असते! ॲरिस्टॉटलला मात्र ते पटले नाही. मेघगर्जनेने जड वस्तूही दुभंगतात, मग एवढ्या प्रचंड गोलांच्या नादाने काहीच कसे घडत नाही, असे त्याने विचारले आणि ही कल्पना सुंदर असली तरी खरी नाही, असा निर्वाळा दिला.

परंतु या भव्य इमारतीला खरी चीर पडली ती बाहेरून नव्हे, तिच्याच पायातून. एका षड्जापासून निघावे, पंचमाचा पंचम, त्याचा पंचम, असे बारा वेळा वर जावे. आपण पुन्हा षड्जावर, सात सप्तके वर पोहोचायला हवे. कानाला जवळजवळ तसेच वाटते. पण हिशेब मांडला तर सात सप्तकांनी १२८ पट होते आणि बारा पंचमांनी सुमारे १२९.७५ पट. पूर्णांकांत सांगायचे तर एकीकडे ५३१४४१ आणि दुसरीकडे ५२४२८८. हा फरक कितीही वेळा फेरी मारली तरी मिटणार नाही. कारण तीनाला तीनाने कितीही गुणले तरी विषम संख्याच येते आणि दोनाला दोनाने गुणले तर सम. त्यांची गाठ कधीही पडायची नाही. प्लेटोचा स्नेही, तारांतम नगरीचा गणितज्ञ आर्किटस याने याहीपुढे जाऊन सिद्ध केले, की ९:८ हा पूर्ण स्वर संख्यांच्या साहाय्याने दोन समान भागांत विभागताच येत नाही. विश्वाला सुरेल करणाऱ्या त्याच संख्यांनी हा किंचित बेसूरही निर्माण केला होता. आपल्या चर्चमधील हार्मोनियमच्या पट्ट्यांतही तो लपलेला आहे: आधुनिक वाद्यकारांनी तो फरक बारा पंचमांमध्ये सारखा वाटून टाकला. परिणामी प्रत्येक पंचम केसभर उतरला आणि कोणीही तक्रार केली नाही. तंबोऱ्याला सरावलेल्या कानांनी मात्र हार्मोनियमच्या स्थिर, वाटून घेतलेल्या सुरांविरुद्ध तक्रार केलीच. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले.

इथे ग्रीकांमध्ये मोठा वाद उभा राहिला: सुराचा न्यायाधीश कोण, संख्या की कान? प्लेटो आपल्या ‘रिपब्लिक’ या संवादाच्या सातव्या भागात, तारेला कान लावून बसणाऱ्या आणि खुंट्या पिरगाळून तारांचा छळ मांडणाऱ्या लोकांची थट्टा करतो. शिवाय पायथागोरसाच्या अनुयायांनाही तो सोडत नाही. ते ऐकू येणाऱ्या सुरांत संख्या शोधतात. त्यांनी त्यापलीकडे जाऊन खुद्द संख्यांमध्येच कोणत्या जुळतात आणि का, हे शोधावे, असे त्याला वाटते. प्लेटोला संगीत हवे होते ते शिडी म्हणून; वर पोहोचल्यावर शिडीकडे पाहायचे कारण नाही.

याला उत्तर दिले तारांतमच्याच एका संगीतकाराच्या मुलाने. ॲरिस्टोक्सेनस हे त्याचे नाव, आणि तो ॲरिस्टॉटलचा शिष्य. त्याने म्हटले, की स्वर हा कानासाठी असतो, म्हणून त्याचे नियम कानाच्या अनुभवातूनच काढले पाहिजेत. हवेच्या आघातांचा वेग मोजणे हे दुसरे शास्त्र झाले. चार स्वरांच्या गटाचे बाहेरचे दोन स्वर स्थिर, आतले दोन चल. त्यांच्या जागांवरून गायनाचे तीन प्रकार होतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म प्रकारात पूर्ण स्वराचा चौथा हिस्साही वापरला जातो. स्वराचे दोन समान भाग होत नाहीत, असे गणित सांगत असेल तर सांगो. गवयी ते रोज करतो. आपल्या भरतमुनींनीही ‘नाट्यशास्त्रा’त श्रुती सिद्ध केल्या त्या दोन वीणा घेऊन, एक स्थिर ठेवून दुसरी कानाने उतरवत, तेथे गुणोत्तर सांगितलेले नाही. त्या बावीस श्रुतींना गुणोत्तरांत बसवण्याचा नेटाचा प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी केला आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. संख्या आणि कान यांचा हा खटला कोणत्याही एका देशाचा नाही.

ॲरिस्टोक्सेनसाच्या लेखनातील एक विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणतो, की संगीत समजण्यासाठी दोन गोष्टी लागतात: संवेदना आणि स्मृती. जो सूर आत्ता उमटत आहे तो ऐकायचा आणि जो उमटून गेला तो धरून ठेवायचा. याशिवाय चाल नावाची गोष्ट समजण्याचा दुसरा मार्ग नाही. एकटा स्वर काहीच सांगत नाही. मागचा स्वर विझलेला असतो, पण आपल्या आत तो अजून उभा असतो, म्हणून पुढच्याला अर्थ येतो. पुढे इ. स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दोन्ही पक्षांना त्यांच्या चुका दाखवल्या आणि बुद्धी व कान यांनी परस्परांना साक्ष द्यावी, असा समंजस निकाल दिला. वाद मात्र चालूच राहिला.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो मला पुस्तकात नव्हे, धर्मग्रामाच्या सभागृहात भेटला. संगीत आत्म्याला घडवत असेल, तर कोणते संगीत चालेल हे कोणी ठरवायचे? अथेन्सचा संगीतज्ञ डेमोन याचे मत होते, की संगीताच्या पद्धती बदलल्या की राज्याचे मूलभूत कायदेही हादरतात. प्लेटोने ते मत उचलून धरले. त्याच्या आदर्श नगरीत शोकाकुल आणि मद्यपींच्या मैफलीत शोभणाऱ्या स्वररचनांना जागा नाही. राहतील दोनच: शूराला साजेशी डोरियन आणि शांतपणे प्रार्थना वा विनवणी करणाऱ्याला साजेशी फ्रिजियन. अनेक तारांची वाद्ये नकोत आणि ‘ऑलोस’ही नको. ऑलोसचे भाषांतर पुष्कळदा बासरी असे करतात. वस्तुतः ते सनईच्या जातीचे, पातीचे जोडवाद्य होते, आणि त्याचा आवाज माणसाला उन्मत्त करतो अशी त्याची ख्याती होती.

प्लेटोला हसणे सोपे आहे. पण त्याच्या खुर्चीत बसायची पाळी अनेकांवर आली आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांना मनाई केली होती. स्वतंत्र भारताचे माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर हे महाराष्ट्रातील विद्वान गृहस्थ. शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या कारकिर्दीत, १९५२ मध्ये, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली आणि १९५७ मध्ये ‘विविधभारती’ सुरू करावी लागली. या दोन्ही उदाहरणांत हेतू वाईट नव्हता. माणसाच्या मनावर सुरांचा खोल परिणाम होतो, हे त्यांनी इतरांहून अधिक ओळखले होते.

आमच्या सभागृहातील वाद असाच होता. तरुणांना कीबोर्ड आणि ड्रम हवा होता. ज्येष्ठांना जुन्या चाली आणि पेटी. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “फादर, या ठोक्यावर पाय हलतात, गुडघे टेकत नाहीत.” त्यावर एक मुलगी उठून म्हणाली, “फादर, तुमच्या त्या चालीवर आम्हाला झोप येते, प्रार्थना येत नाही.” दोघेही खरे बोलत होते आणि दोघेही, नकळत, डेमोनचेच म्हणणे मांडत होते: सूर माणसाला कुठे तरी नेतो. त्या वेळी मला ॲरिस्टॉटल आठवला. ‘पॉलिटिक्स’च्या शेवटच्या भागात तो आपल्या गुरूला नम्रपणे पण ठामपणे विचारतो, की ऑलोस उन्मादक म्हणून वगळायचा, तर तितकीच उन्मादक फ्रिजियन का ठेवायची? संगीत शिक्षणासाठी आहे, तसेच ते मन मोकळे करण्यासाठी आणि विश्रांतीसाठीही आहे. सर्व श्रोते एकाच घडणीचे नसतात आणि कष्टकऱ्यालाही त्याच्या जिवाला रुचेल असे संगीत मिळाले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या घटनापत्रात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान देतानाच, प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान द्यावा असे सांगितले. त्या वाटेनेच मराठी सूर वेदीपर्यंत पोहोचले. म्हणून मी त्या सभेत वाद्यांची यादी केली नाही. एकच कसोटी ठेवली: गाणे सुरू झाल्यावर मागच्या बाकावरची माणसे गाऊ लागतात की ऐकत बसतात, ते पाहायचे. ही कसोटी प्लेटोला खचितच आवडली नसती. आणि तिने वाद मिटला असेही नाही; दर सणाला तो नव्याने उभा राहतो. पण निदान तो आता लोकांच्या ओठांकडे पाहून होतो.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसाचा शेवटचा दिवस उजाडला. ‘फीडो’ या संवादात प्लेटोने तो दिवस रंगवला आहे. ‘संगीत कर’ असे स्वप्न आपल्याला आयुष्यभर पडत आले, असे सॉक्रेटिस मित्रांना सांगतो. तत्त्वज्ञान हेच श्रेष्ठ संगीत असे समजून तो चालला होता. पण मृत्यूच्या दारात, न जाणो, म्हणून त्याने अपोलो देवाचे स्तोत्र रचले आणि इसापच्या कथा पद्यात बांधल्या. मग आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा निघते आणि सिमियस नावाचा तरुण एक शंका विचारतो. वीणेचा सुरेलपणा अदृश्य, सूक्ष्म आणि दिव्य असतो. वीणा मात्र लाकूड आणि तार. तरी वीणा फुटली की तो सुरेलपणा आधी नाहीसा होतो. आत्मा हा जर देहाचा असाच सुरेलपणा असेल, तर देह मोडताच तोही विरणार नाही का?

सॉक्रेटिस उत्तर देतो. सुरेलपणा तारांच्या मागून चालतो, तारांना हुकूम देत नाही; आत्मा मात्र भुकेल्या देहाला ‘थांब’ म्हणू शकतो. उत्तर चांगले आहे. तरी सिमियसची शंका मेली नाही. सिसेरोच्या लेखनावरून कळते, की ॲरिस्टोक्सेनसही आत्म्याला देहाचा तसाच एक जुळलेपणा मानत होता. कानावर विश्वास ठेवणारा तो माणूस इथेही आपल्या कलेशी प्रामाणिक राहिला.

मी अनेक घरांत मरणासन्न माणसांच्या उशाशी बसलो आहे, आणि ही शंका तेथे पुस्तकातल्याहून फार मोठी होते. आमच्या गायकवृंदात एक वृद्ध गृहस्थ होते. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी मिस्सामध्ये व्हायोलिन वाजवले. शेवटची काही वर्षे स्मृतिभ्रंशाने ग्रासली. आधी नावे गेली, मग घरची माणसे, मग स्वतःचे घरही. मी ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असे तेव्हा ते मला कधी डॉक्टर समजत, कधी आपला धाकटा भाऊ. एकदा त्यांचा नातू शेजारच्या खोलीत व्हायोलिन जुळवत होता. व्हायोलिनच्या चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. नातवाची एक तार किंचित उतरलेली होती. बाबांच्या कपाळावर आठी पडली. हात वर करून त्यांनी अंगठा आणि बोट हवेत पिळले, खुंटी फिरवावी तसे. नातवाने तार चढवली. पुन्हा आठी. आणखी किंचित. मग त्यांचा चेहरा असा शांत झाला, की सूनबाई दारातच थबकून उभी राहिली. ज्याला मुलाचे नाव आठवत नव्हते, त्याला तीनास दोन हे प्रमाण अचूक ठाऊक होते.

मी तेव्हा काही बोललो नाही. सिमियस म्हणाला असता, पाहा, वीणेची एक तार अजून शाबूत आहे, एवढेच, तीही तुटेल. आणि काही महिन्यांनी तीही तुटली. या प्रसंगाने आत्म्याचे अमरत्व सिद्ध होते, असे मी म्हणणार नाही; श्रद्धेचे काम पुराव्यावर ढकलणे बरे नव्हे. पण तो प्रसंग पाहिल्यापासून संख्या आणि कान यांचा वाद मला पूर्वीसारखा वाद वाटत नाही. जे प्रमाण पायथागोरसाच्या शिष्यांनी आकाशात शोधले, ते त्या खाटेवर एका विस्मृत म्हाताऱ्याच्या बोटांत होते. त्याने ते कधी मोजले नव्हते. त्याने ते चाळीस वर्षे ऐकले होते, आणि ते ऐकणेच त्याच्यात मुरून त्याचा भाग झाले होते.

ग्रीकांचा हा वारसा ख्रिस्तसभेने टाकून दिला नाही. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या एका पपायरसच्या तुकड्यावर, धान्याच्या हिशेबाच्या पाठीमागे, पवित्र त्रैक्याची स्तुती करणारे एक स्तोत्र लिहिलेले आहे आणि शब्दांच्या वर ग्रीक स्वरलिपीची अक्षरे आहेत. ते तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील असून १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्द आणि चाल दोन्ही उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने ज्ञात ख्रिस्ती स्तोत्र. ज्या लिपीत अपोलोची स्तोत्रे लिहिली जात, तीच लिपी. ज्या कागदावर पोत्यांचा हिशेब, तोच कागद. पुढे बोएथियसने सहाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक संगीतशास्त्र लॅटिनमध्ये आणले आणि मध्ययुगातील शाळांना ते पुरवले. त्याने संगीताचे तीन प्रकार सांगितले: विश्वाचे, माणसातले आणि वाद्यांचे. माणसातले संगीत म्हणजे देह आणि आत्मा यांची जुळणी. पुन्हा तोच जुना सांधा.

संत ऑगस्टिन हे स्वतः संगीतावर सहा भागांचा ग्रंथ लिहिणारे. मिलानच्या चर्चमधील स्तोत्रे ऐकून आपण रडलो, हे त्यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये मोकळेपणाने लिहिले, आणि शब्दांपेक्षा चालीनेच मन अधिक हलले तर तो दोष मानून ते अस्वस्थही झाले. त्यांच्यात प्लेटो आणि ॲरिस्टोक्सेनस दोघेही नांदत होते. परंतु त्याच ग्रंथाच्या अकराव्या भागात, काळ म्हणजे काय याचा शोध घेताना, ते एका स्तोत्राचा दाखला देतात. पाठ असलेले स्तोत्र म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी ते सगळे माझ्या अपेक्षेत असते. म्हणू लागलो, की एकेक शब्द अपेक्षेतून स्मृतीत जातो. अपेक्षा आखूड होत जाते, स्मृती लांबत जाते, आणि शेवटी संपूर्ण स्तोत्र स्मृतीत जमा होते. जे एका स्तोत्राचे, तेच माणसाच्या सबंध आयुष्याचे, आणि तेच अखिल मानवजातीच्या इतिहासाचे.

ॲरिस्टोक्सेनसाने चालीविषयी जे सांगितले, ते इथे आयुष्याला लागू झाले आहे. एकटा स्वर काही सांगत नाही. मागचा धरून ठेवणारे कोणीतरी लागते. माणूस स्वतःच विसरू लागला, तर त्याचे स्तोत्र कोण धरून ठेवणार? काही काळ घरची माणसे धरतात, काही काळ मागच्या बाकावर गाणारे धरतात. त्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर पायथागोरसाजवळ नव्हते आणि तारेच्या लांबीत ते सापडणारही नाही. आम्ही ते प्रार्थनेत उच्चारतो. दफनविधीच्या वेळी जमलेली माणसे गाऊ लागतात, कोणी चढ्या सुरात, कोणी उतरत्या, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्यांचा षड्ज एक होतो. कोणी तो मोजून लावलेला नसतो.